दीड लाखांतली एक

राज्याभिषेकाचं तेरावं वर्ष, फाल्गुन. कलिंगवाडी, पुष्कलावतीजवळ

दादा,

तुझं ताडपत्र पोचलं. भंते कोसियांनी ते तक्षशिलेच्या विहारातून आणलं. माझ्या हातात देताना म्हणाले, "तोसलीहून हातोहात आलंय बाई. अकरा भिक्खू बदलले. शेवटचा मी, आणि सगळ्यांत वाईट गुडघे माझेच." मी त्यांना ताक दिलं आणि पत्र सोडायच्या आधी अंगणात उगाच तीन फेऱ्या मारल्या. उघडलं तर पहिलीच ओळ : "नागू, तूच असशील तर सांग, आपल्या होडीला भोक कुणी पाडलं होतं?"

मी पाडलं होतं. तिच्यात बसून शिंपले फोडताना. आणि मार तू खाल्लास. झाली खात्री?

पाच वर्षं मी तुला मेलेला धरून चालले होते, आणि तू भिक्खूंच्या तोंडून इथं कुणी नागू आहे एवढं ऐकून लिहिलंस. तू लढाईला गेलास तो पुन्हा दिसलाच नाहीस, आणि चार दिवसांनी सैनिक आपल्या गावात, सुकतळीत आले. तू परतलास तेव्हा घरात कोणी नव्हतं, असं लिहिलंयस. चूल विझलेली आणि भात भांड्यात तसाच. तो भात मीच लावला होता. एवढी एक ओळ वाचायला मला अर्धा दिवस लागला.

त्या राजाचं नाव तू पत्रात घेतलेलं नाहीस. नुसतं "तो" म्हटलंयस. मला आता घेता येतं, सवय झाली. अशोक. इकडे सगळे पियदसी म्हणतात. ज्यानं आपल्या माणसांना गुरांसारखं हाकत इथवर आणलं, त्याच्याच शब्दावर हे भिक्खू आता गावोगाव हिंडतात, बुद्धाचा धम्म सांगतात, आणि त्यांच्याच झोळीतून माझ्या भावाचं पत्र येतं. याचं काय करायचं ते मला कळत नाही. तू थोरला आहेस, तू बघ.

हे पत्र मीच लिहितेय बरं का. इकडची लिपी उजवीकडून डावीकडे पळते, ती आधी शिकले, मग आपल्याकडची. एका लिपिकरानं शिकवलं. तो राजाच्या कचेरीत आहे, मधे काही काळ पूर्वेला होता म्हणून त्याला दोन्ही येतात. आता तुझ्यापासून काय लपवू, मी त्याच्याशीच लग्न केलं. रोहक नाव. एकदा घेतलं, यापुढं "हे". बोलतात कमी. तुला आवडतील असं म्हणत नाही, पण होडीत बसले तर हलणार नाहीत, एवढं सांगते.

इकडे थंडी म्हणजे काय ते तुला सांगून पटणार नाही. डोंगर पांढरे होतात. मासे नदीत आहेत, पण त्यांना चवच नाही. माणसं रोटी खातात आणि भाताला आजाऱ्याचं जेवण म्हणतात. द्राक्षं मात्र अशी की तू आलास तर जेवणार नाहीस.

आईचं विचारलंस. आई शांत आहे. तुझं पत्र मी तिला सगळं वाचून दाखवलं. काही बोलली नाही.

उत्तर लवकर लिही. लवकर म्हणजे भिक्खूंचे गुडघे चालतील तेवढं.

तुझी नागू

चौदावं वर्ष, माघ. कलिंगवाडी

दादा,

तू रागावलायस हे भंत्यांना न विचारताही कळलं. "आई काहीच बोलली नाही म्हणजे काय? पाच वर्षांनी लेक जिवंत असल्याचं कळलं आणि बाई गप्प? तिच्या तोंडचं एक वाक्य तरी लिही." घे, लिहिते. आई म्हणते, पावसाळ्यात खाडीत एकटा जाऊ नकोस, आणि गेलास तर जेवून जा.

आता तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती अशी घडली की अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

आमच्या वाडीपासून कोसभर, वाटेच्या कडेला टेकडीवर एक मोठा खडक आहे. गेलं वर्षभर त्यावर राजाचे लेख कोरायचं काम चालू होतं. पाटलीपुत्राहून मजकूर आला होता. हे तो गेरूनं खडकावर लिहायचे आणि पाथरवट मागून टाकी लावायचे. मी दुपारची भाकरी घेऊन जात असे. एके दिवशी गेले तर हे हातात कुंचला धरून नुसते उभे. पाथरवट म्हणाला, "वहिनी, सांगा काहीतरी. आकड्यापाशी येऊन अडकलेत. गेरू वाळून चाललाय." मी विचारलं, कसला आकडा? हे म्हणाले, "तू घरी जा." असं मला ते कधी बोलत नाहीत.

तिष्य नक्षत्राच्या दिवशी सगळ्या वाड्यांना बोलावून लेख वाचून दाखवले. आमची कलिंगवाडीची माणसं नेहमीसारखी मागे बसली होती. आमच्यात खेमक म्हणून कुंभार आहे, त्याला गप्प बसवत नाही. आधी वाचलं की राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी हजारो जनावरं मारली जायची, आता रोज फक्त दोन मोर आणि एक हरीण, आणि पुढं तेही बंद होईल. खेमक मोठ्यानं म्हणाला, "मोरांची चौकशी झाली. आमची पाळी कधी?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. वाचणारा अधिकारीसुद्धा थोडा हसला असं मला वाटलं.

आणि मग आमची पाळी आली, दादा.

जसं ऐकलं तसं सांगते. अभिषेकाला आठ वर्षं झाल्यावर राजानं कलिंग जिंकलं. दीड लाख माणसं तिथून पकडून नेली, एक लाख तिथंच मारली, आणि त्याच्या कितीतरी पट नंतर मेली. राजाला त्याचा पस्तावा आहे. जिथं माणसं मारली जातात, मरतात, नेली जातात, ते जिंकणं त्याला आता जड वाटतं. त्यातला शंभरावा, हजारावा हिस्सा जरी पुन्हा तसं भोगेल, तरी त्याला दुःख होईल. आणि यापुढं खरं जिंकणं म्हणजे धम्मानं जिंकणं. त्यासाठी त्यानं यवनांच्या राजांपर्यंत, दक्षिणेत चोळ-पांड्यांपर्यंत माणसं धाडली आहेत.

खेमक काहीच बोलला नाही. गांधारची माणसं वळून वळून आमच्याकडे बघत होती. इतकी वर्षं आम्ही त्यांना "ते आणलेले लोक" होतो, आणि आता कशासाठी आणलेले ते खडकानं सांगितलं. पुढं बसलेल्या एका धनगर म्हाताऱ्यानं उठून आपली घोंगडी आमच्या बायकांना बसायला दिली. एवढंच. पण ती त्यानं पाच वर्षांत कधी दिली नव्हती.

मी रडले, दादा. तू तिथं असतास तर मला शिव्या दिल्या असत्यास, तरीही रडलेच असते. जिंकलेला राजा "माझं चुकलं" असं दगडावर लिहितो, हे तू कधी ऐकलंयस? मी नाही.

तुमच्या तोसलीलाही असाच खडक कोरलाय असं भंते म्हणाले. तू जाऊन ऐक. मग मला सांग, तुला काय वाटलं.

तुझी नागू

सोळावं वर्ष, वैशाख. कलिंगवाडी

दादा,

तुझं पत्र काल आलं. मी ते सहा वेळा वाचलं.

तू लिहितोस, तू तोसलीच्या खडकापाशी गेलास, वाचणाऱ्याला दोनदा वाचायला लावलंस, आणि त्यात तसं काही नाही. दीड लाख नाही, एक लाख नाही, पस्तावा नाही. मोर आहेत, हरीण आहे. आणि शेवटी, सगळी माणसं माझी लेकरं आहेत, असं आहे. "त्याची लेकरं," तू लिहितोस. "नागू, तुझ्या लिपिकर नवऱ्यानं तुला गोड गोष्ट वाचून दाखवली आणि तू भुललीस."

मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, मजकुराच्या चौदा भागांतला तो एक भाग कलिंगात कोरलेला नाही, असं कचेरीत ऐकलं होतं. कुणी ठरवलं, का ठरवलं, ठाऊक नाही. ज्यांची माणसं गेली त्यांच्यासमोर तो आकडा वाचायला कुणाचा धीर झाला नसेल.

यावर तुझं-माझं भांडण पुढं करू. त्याआधी तुझ्या पत्राची शेवटची ओळ. "पावसाळा सरला की निघतो. आईला न्यायला येतो. ती जेवून जा म्हणाली ना, मग तिच्याच हातचं जेवतो."

दादा, निघू नकोस. आणि निघाला असशील तर हे तुला वाटेत कुठंतरी मिळो.

आई नाही.

इकडे यायला निघालो त्याच्या चौथ्या महिन्यात ती गेली. मथुरेच्या अलीकडे, यमुनेकाठी. ताप होता. शेवटचे तीन दिवस मी तिला अर्धं पाठीवर, अर्धं ओढत आणत होते. तुझं नाव घेत होती, पण तू मेला आहेस असं समजून नाही. तू खाडीत गेला आहेस आणि उशीर झाला आहे, असं. ते वाक्य खरंच तिचं आहे. मी ते बनवलेलं नाही. फक्त कधीचं ते सांगितलं नाही.

तुझं पहिलं पत्र तिला वाचून दाखवलं हेही खरं आहे. पूर्वेकडे तोंड करून अंगणात उभी राहिले आणि मोठ्यानं वाचलं. मला वाटलं, तुला बहीण मिळाली, मला भाऊ मिळाला, आईही थोडे दिवस असू दे. तुझ्या पत्रात ती इतकी जिवंत होती की मला ती पुन्हा मारवेना. चुकलं माझं.

आणि आता दुसरं. ते ऐकून तू माझ्याशी बोलायचं सोडशील, म्हणून मघापासून बाजूला ठेवलं होतं.

हे पूर्वेला होते असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. कलिंगात होते. हातात तलवार नव्हती, लेखणी होती. महानदीच्या उतारावर आडवा दोर बांधला होता, त्याखालून आम्हाला एकेकानं वाकून जायला लावलं. पलीकडे बसून हे मोजत होते. एक माणूस, एक रेघ. मी आणि आई एकमेकींना धरून वाकलो तेव्हा ह्यांनी दोन रेघा ओढल्या. तेव्हा मी पाहिलेला त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांना माझा आठवत नाही. खोटं बोलता आलं असतं, पण म्हणाले, "इतके होते. नाही आठवत."

वाटेत कुणी मेलं की मुक्कामाला त्याची रेघ खोडायची, असा नियम होता. आई गेली त्या दिवशी हे आले. मी त्यांना म्हटलं, "खोडा, आणि जा." त्यांनी विचारलं, "नाव काय यांचं?" चार महिन्यांत आमचं नाव कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, सुलसा. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग सरणाला लाकडं आणायला गेले. रेघ खोडली नाही. पुढच्या मुक्कामालाही नाही. आकडा तसाच पाटलीपुत्राला गेला.

म्हणून खडकावर आकडा लिहिताना त्यांचा हात थांबला होता, दादा. राजाला ज्या दीड लाखांचं वाईट वाटतं, त्यांतली एक इथवर पोचलीच नव्हती आणि ती आपली आई आहे.

इथं आल्यावर वर्षभर मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग एक दिवस कचेरीत गेले आणि म्हटलं, माझ्या आईचं नाव लिहून दाखवा. त्यांनी लिहिलं. मी म्हटलं, आता मला लिहायला शिकवा. तिथून पुढं जे झालं ते झालं. मला त्याची लाज नाही. तुझ्यापासून लपवलं याची आहे.

शिव्या द्यायच्या तर लिहून दे. पण लिही.

नागू

सतरावं वर्ष, आश्विन. कलिंगवाडी

दादा,

तुझं काही आलं नाही. दोनदा भंते कोसिय आले आणि मी विचारायच्या आधीच त्यांनी मान हलवली. ते हल्ली आमच्याकडे यायचं टाळतात असं वाटतं. रिकामी झोळी दाखवायला त्यांनाही आवडत नाही. त्यांना म्हटलं, "भंते, भावाचा राग किती दिवस टिकतो यावर बुद्धांनी काही सांगितलंय का?" म्हणाले, "रागाबद्दल पुष्कळ सांगितलंय. भावाबद्दल वेगळं काही आठवत नाही."

तू वाचत असशील असं धरून लिहिते.

मला मुलगी झाली. श्रावणात. काळी आहे, तुझ्यासारखी, आणि रडायला लागली की खाडीपलीकडे ऐकू जावं एवढा आवाज. सासूबाई म्हणतात, "कलिंगचं पाणी." आधी मला तसं म्हणायच्या तेव्हा ते टोचायचं, आता कौतुकानं म्हणतात. नाव सुलसा ठेवलंय. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर कुठं येणार होतं.

यासोबत भूर्जपत्राची एक वेगळी गुंडाळी आहे. ती ह्यांनी केली आहे. इथल्या खडकावरचा तो तेरावा भाग, शब्द न् शब्द, आपल्याकडच्या लिपीत. तू मला भुललेली म्हणालास, म्हणून. कलिंगात जे कोरायचं नाही असं ठरलंय ते कचेरीतल्या माणसानं तिकडे धाडणं बरं दिसणार नाही. कामावरून काढतील, किंवा आणखी काही. मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी भर दुपारी कचेरीतच बसून नक्कल केली. शेजारच्यानं विचारलं, "हे कुणासाठी?" म्हणाले, "मेहुण्यासाठी. राजाचंच बोलणं आहे, राजाच्याच माणसाला पाठवतोय." आणि खाली स्वतःचं नाव घातलं. नाव घालू नका असं मी हात जोडून सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं, तेव्हाही नावं लिहिली नाहीत, हेच तर चुकलं.

थंडी पडू लागली आहे. सुलसाला तेल लावताना मी तुझी होडीची गाणी म्हणते. अर्धी विसरले आहे. मधे मधे नुसतं हूं हूं करते, तिला चालतं.

तुझी नागू

अठरावं वर्ष, ज्येष्ठ. सुकतळी, तोसलीजवळ

नागू,

मी बोलतो, विहारातले म्हातारे भंते लिहितात. ते मधेच काही सुधारतील तर ते बोलणं माझं नाही असं समज.

तुझं आईचं पत्र मला पाटलीपुत्रात मिळालं. मी निघालो होतो. तिथल्या विहारात उतरलो आणि एका भिक्खूनं नाव ऐकून म्हटलं, सुकतळीचा पूसक? तुमच्या गावाकडे जाणारं एक पत्र इथं कालच आलंय. त्यानंच वाचून दाखवलं. परका पोरगा होता, वाचून झाल्यावर त्यानं मला पाणी आणून दिलं. माझ्या गाठोड्यात आईसाठी लुगडं होतं आणि सुकटीची पिशवी होती. तिथून तुझ्यापर्यंत निम्मी वाट उरली होती. मी मागं फिरलो.

तू खोटं लिहिलंस म्हणून नाही. तेवढं मी समजू शकतो. मीही इकडे सात-आठ वर्षं सणाला तिचं पान मांडत होतो, ती नाही हे काय मला कधी वाटलं नसेल? मागं फिरलो ते तुझ्या घरात तो माणूस असेल म्हणून. दोराच्या पलीकडे बसलेला. त्याच्या पंक्तीला बसून जेवायचं कसं, ते मला सुचेना. बहीण निम्म्या वाटेवर होती आणि मी मागं फिरलो, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुलाच सांगतोय.

मग ती गुंडाळी आली.

भंत्यांनी एकट्यानं वाचली आणि पुन्हा गुंडाळून झोळीत घातली. म्हणाले, हे इथं चावडीवर वाचता यायचं नाही. मी म्हटलं, मग पाण्यावर वाचू. आम्ही सकाळी अकरा होड्या खाडीत नेल्या, मधोमध एकमेकींना बांधल्या आणि भंत्यांना मधल्या होडीत उभं केलं. सुकतळीची आणि पलीकडच्या दोन गावांची मिळून पन्नास-साठ माणसं असतील. भंत्यांना पोहता येत नाही, एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातानं माझं डोकं धरलेलं. त्यांनी वाचलं.

आकडा आला तेव्हा एक बाई म्हणाली, "पुन्हा वाचा." त्यांनी पुन्हा वाचलं. राजाला वाईट वाटतं तो भाग आला तेव्हा दोघे-तिघे पाण्यात थुंकले. बाकीचे नुसते ऐकत होते. कुणी रडलं नाही, नागू. तू रडलीस म्हणालीस, मला वाटलं इथंही रडतील. पण वाचून संपल्यावर गोमक उठला. तुला आठवत असेल, वल्ही तासणारा. त्याची बायको धवला, तिलाही नेलं होतं. तो म्हणाला, "त्याला वाईट वाटलं, बरं झालं. उशिरा वाटलं, पण वाटलं. मला फक्त एवढं सांगा, माझी धवला दीड लाखांत आहे का एक लाखात?"

त्याला कोण सांगणार? मग मी म्हणालो, "मोजणारा माझ्या बहिणीचा नवरा आहे." असं लोकांसमोर कधी म्हणेन असं वाटलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत राहिले. पहिल्यांदा वाटलं, आता मला पाण्यात टाकतात. पण गोमक म्हणाला, "मग त्याला विचार."

त्या दिवसापासून माणसं येतायत. भंते लिहितायत. सोबतच्या पानांवर एकेचाळीस नावं आहेत. कुणी म्हणतं, डावरा आहे. कुणी म्हणतं, झोपेत बोलते. एकीला नवऱ्याची खूण विचारली तर म्हणाली, "भांडकुदळ आहे, कळेल लगेच."

आता हे दाजींसाठी.

दाजी, तुम्ही मला नक्कल पाठवली आणि खाली नाव घातलंत. मी तुम्हाला माफ केलं असं लिहायला भंते सांगतायत, पण ते मी लिहिणार नाही, कारण मला ते अजून ठाऊक नाही. तुम्ही आमची माणसं रेघांनी मोजलीत. आता नावांनी शोधा. आईच्या सरणाला लाकडं आणलीत, त्याबद्दल मी तुमच्या पाया पडतो.

लुगडं पाठवतोय. आईचं होतं, आता सुलसाचं. मोठी होईपर्यंत कसर लागू देऊ नका.

पूसक

एकोणिसावं वर्ष, पौष. कलिंगवाडी

दादा,

तुझं पत्र ह्यांनी स्वतः वाचलं, मग घडी घालून कमरेला बांधलं आणि कचेरीत महिनाभराची रजा मागितली. कारण विचारल्यावर खरं तेच सांगितलं. वरचा अधिकारी म्हणाला, "जा. पण घोडं कचेरीचं मिळणार नाही." म्हणून हे आणि भंते कोसिय पायी हिंडले. भंते म्हणतात, धम्म सांगायला चाललो होतो, पण प्रत्येक वाडीत पोचल्यावर लोक आधी विचारायचे, नावं आणलीत ना, ती वाचा. मग ते बसून नावंच वाचायचे आणि धम्म राहून जायचा. एका ठिकाणी एका म्हातारीनं त्यांना सांगितलं, "भंते, हाच धम्म. पुढची पानं वाचा."

एकेचाळीसांतली नऊ सापडली, दादा. चौदा जण वाटेत गेले हे खात्रीनं कळलं, त्यांतल्या प्रत्येकाची जागा आणि दिवस जेवढा कळला तेवढा ह्यांनी लिहून आणलाय. बाकीच्यांचं शोधणं चालू आहे. भांडकुदळ सापडला. खरंच लगेच कळला.

आणि सगळ्यांत लांब, उत्तरेच्या खिंडीपाशी मेंढ्या राखणाऱ्यांत, धवलाकाकी सापडली. केस पांढरे झालेत, गुडघ्यापर्यंत चामडी पायताणं घालते, धनगरांच्या बोलीत शिव्या देते. ह्यांनी नाव वाचलं तेव्हा लोकर कातरत होती. म्हणाली, "कोण म्हणालं?" ह्यांनी सांगितलं, गोमक, वल्ही तासणारा. तिनं कातर बाजूला ठेवली, ह्यांच्याबरोबर तीन दिवस चालत इथं आली आणि आता माझ्या चुलीपाशी बसली आहे. सुलसाला मांडीवर घेऊन मला सांगतेय, तू काय लिहितेस ते बंद कर, माझं लिही. म्हणून यापुढचं तिचं आहे. पत्र घेऊन गोमककाकांकडे जा आणि भंत्यांना मोठ्यानं वाचायला सांग, काकांना आता कमी ऐकू येत असणार, आधीपासूनच कमी यायचं, असं तिचं म्हणणं आहे.

तिचं बोलणं :

मी धवला. जिवंत आहे. पाय बरे आहेत, दात गेले. तुम्ही दुसरी केली असेल तर मला राग नाही. ती कशी आहे ते मात्र कळवा. केली नसेल तर एवढी वर्षं स्वयंपाक कोण करतंय तेही कळवा. वसंतात बर्फ वितळलं की पूर्वेकडे माल घेऊन जाणारे निघतात, त्यांच्यात एक म्हातारी बसवून नेतील का, हे हा मोजणारा मुलगा विचारून आलाय. नेतो म्हणालेत. मी येतेय. घर झाडून ठेवा.